खोडलेले अकरा

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात तेव्हा पाचवीत होती आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होती. घरी टीव्ही, धाकटा भाऊ आणि एकच खोली, म्हणून संध्याकाळी ती मावशींबरोबर आमच्याकडे यायची. मावशी कणीक भिजवायला घेत आणि ही टेबलाच्या कोपऱ्याशी गाइड उघडून बसे. मी समोर मटार सोलत, नाहीतर मेथी निवडत. मध्येमध्ये ती काही विचारायची आणि मी उत्तर द्यायचे. तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढलेली बाई, पाचवीच्या गणिताला काय बधणार, अशा थाटात.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता : एका घड्याळाला सहाचे ठोके द्यायला पाच सेकंद लागतात, तर बाराचे ठोके द्यायला किती लागतील? तिने वहीत ११ लिहिलं होतं. गाइडच्या मागच्या उत्तरांत १० छापलं होतं. ‘काकू, हे चुकलंय,’ ती म्हणाली. कोण चुकलंय ते काही बोलली नाही. मी मटारांवरून नजर न उचलता म्हटलं, ‘अगं सोपं आहे. सहाला पाच, तर बाराला दुप्पट. दहा.’ ती म्हणाली, ‘पण काकू, पहिला ठोका तर...’ आणि मी तिला मध्येच तोडलं. ‘पुस्तकात दिलंय ना? मग तेच बरोबर असणार.’ तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग रबर घेतलं, ११ खोडलं, त्यावर फुंकर मारली आणि त्याच जागी १० लिहिलं. रबराचा काळा चुरा टेबलावर मटाराच्या सालींशेजारी पडला. मी तो सालींबरोबरच गोळा करून टाकला.

एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभी होते. पहिली शिट्टी झाली तेव्हा ‘एक’ म्हटलं. मग वाट बघितली, दुसरी. मग वाट, तिसरी. चौथीला गॅस बंद करायला हात पुढे केला आणि तो तसाच शेगडीच्या कानावर राहिला. शिट्ट्या चार झाल्या, पण त्यांच्यामध्ये वाट मी तीनदाच बघितली होती. सहा ठोक्यांच्या मधल्या जागा पाच. पाच जागांना पाच सेकंद, म्हणजे एका जागेला एक. बारा ठोक्यांच्या मधल्या जागा अकरा. अकरा सेकंद. पोरीने तेच लिहिलं होतं, आणि ‘पहिला ठोका तर’ म्हणून तेच सांगायला निघाली होती. वाईट याचं वाटलं की ही गोष्ट मला माहीत नव्हती असंही नाही. ठेवीवरचं व्याज काढताना ठेवल्याचा दिवस आणि काढल्याचा दिवस यातला एकच धरायचा, दोन्ही टोकं धरायची नाहीत, हे नव्या क्लार्कांना मीच शिकवत असे. माणसाला एखादी गोष्ट पोटापुरती येते आणि तेवढीच येते, त्याचा हा नमुना.

संध्याकाळी मावशी आल्या तेव्हा मी आधी त्यांनाच सांगितलं, की कालचं तुमच्या नातीचं बरोबर होतं, माझं चुकलं, पुस्तकाचंही चुकलं. मावशी हसल्या. हात धुताधुता म्हणाल्या, ‘असू द्या ताई. तुम्ही शिकलेल्या. तुमचंच बरोबर असंल.’

मला हे वाक्य ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलंय ते आठवायला वेळ लागला नाही.

आजोबांचं दुकान सिन्नर तालुक्यातल्या एका गावात होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही महिनाभर तिकडे असू. दुकानात शिरलं की गूळ, घासलेट आणि तंबाखू यांचा एकत्र वास यायचा. तो वास माझ्या नाकात इतका बसलाय की आजही कुठे गुळाची ढेप फुटली की मागोमाग घासलेटाची आठवण होते. आजोबा गादीवर मांडी घालून बसत, समोर उतरतं मेज, मेजावर लाल कापडी पुठ्ठ्याची वही. गिऱ्हाईक समोर उभं राहायच्या आत त्यांचा हिशेब झालेला असे. साडेतीन रुपयांचा गूळ सात किलो म्हटला की तोंडातल्या तोंडात ‘औट साती साडेचोवीस’ आणि बोट पैशांच्या पेटीत. औट म्हणजे साडेतीन. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा व्हायचा आणि त्यात नुसते तीसपर्यंतचे पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे. माझ्या भावांना ते पाठ करायला बसवत. मला बसवत नसत, पण हाकलतही नसत. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून ऐके. अर्थ कळायच्या आत चाल कळली. ‘पाऊण आठे सहा’ हे मला एखाद्या ओवीसारखं येत होतं आणि पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे पुढे शाळेत कळलं तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. इतक्या जवळच्या माणसाला इतकं परकं नाव!

आपल्या भाषेला हे अर्धवट आकडे फार प्रिय आहेत. सव्वा, पाऊण, दीड, अडीच यांना स्वतःचे शब्द आहेत. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. शक्तिपीठांतलं ते अर्धं आमच्याच जिल्ह्यात, वणीच्या गडावर. माणसाचा देहही आपल्या-आपल्या हाताने मोजला तर औट हात. संतांनी या औट हातांवरून बरंच सुनावलंय. भांडकुदळ जोडप्याचा छत्तीसचा आकडा असतो आणि तो कळायला देवनागरीतच लिहावा लागतो, तीन आणि सहा पाठीला पाठ लावून. मनातलं पूर्ण न सांगणारा हातचा राखून बोलतो. गणिताला घाबरतो म्हणणारी माणसं दिवसभर गणितातच बोलत असतात. पण हे सगळं आज सुचतंय. तेव्हा उंबऱ्यावर बसून मी जे पाहत होते ते वेगळं होतं.

गावातल्या बायका विड्या वळायच्या. आठवड्याचा पगार झाला की उधारी चुकवायला दुकानात येत. आजोबा वही उघडून भराभर वाचत, अमुक तारखेला चहापत्ती, तमुकला तेल, आणि आकडा सांगत. बाई पदराची गाठ सोडून पैसे मोजून ठेवी. ‘मालक म्हणतील ते,’ एवढंच बोलणं. एकदा एक बाई जरा घुटमळली. म्हणाली, ‘चार आणे जास्त धरल्यावानी वाटतंय, मालक.’ दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं. आजोबा चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी वही तिच्याकडे फिरवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हे बघ. लिहिलंय.’ त्या बाईला वाचता येत नव्हतं हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिने वहीकडे पाहिलं, मान हलवली, चार आण्यांसकट पैसे ठेवले. आजोबा माझे लाडके होते. माझ्यासाठी बरणीतली लिमलेटची गोळी काढून ठेवणारे, कुणाच्या घरी मयत झालं तर महिनाभर उधारी न मागणारे. ते त्या दिवशी खोटं बोलले असतील असं मला वाटत नाही. पण मी आठ वर्षांची होते, वही माझ्यासमोर उघडी होती, मला बेरीज येत होती. मी ती केली नाही.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात दख्खनच्या दंग्यांवर चार ओळी होत्या. १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा. बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर धाड घातली आणि मग हे लोण पुणे-नगरच्या गावांतून पसरलं. परीक्षेपुरती तारीख पाठ केली आणि सोडून दिली. कितीतरी वर्षांनी पुन्हा वाचताना एक तपशील नजरेत भरला : त्या लोकांना मुख्यत्वे कागद हवे होते. कर्जखतं, रोखे, हिशेबाच्या वह्या. सावकाराने ते निमूट बाहेर काढून दिले तर त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागदांची होळी झाली. मुद्दल किती, व्याज किती, त्यावर पुन्हा व्याज कुठून चढलं, हे ज्याला तपासता येत नाही त्याच्या हातात आगकाडीशिवाय काय राहतं? हे वाचलं तेव्हा मला सुप्याच्या सावकारांचे चेहरे दिसायला हवे होते. दिसली ती आजोबांची लाल वही.

म्हणून ‘गणिताचा रोजच्या आयुष्यात उपयोग काय’ या प्रश्नाला आपण जे ठरावीक उत्तर देतो, दुधाचा हिशेब, सुट्टे पैसे, त्याने माझं समाधान होत नाही. दुधाचा हिशेब मोबाइल करतो. आणि आजोबांना तर सगळाच हिशेब येत होता. उपयोगच बघायचा तर त्यांच्याइतका उपयोग कुणी केला नसेल. त्या बाईला जे हवं होतं ते वेगळं होतं. लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून, पुन्हा एकदा मोजून, समोर कोणीही बसलेलं असो, ‘नाही, चुकलंय’ म्हणता येणं. अफझलखानाच्या वधाची तारीख मला बाईंच्या शब्दावरच घ्यावी लागते. गंगेचा उगम मी पाहिलेला नाही. पण बारा ठोक्यांमधल्या जागा मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. दहा वर्षांच्या पोरीलाही लागत नाही. निदान लागू नये. त्या संध्याकाळी मी ती मागायला लावली आणि वर नाकारलीही.

मला हे कुणी शिकवलं ते नीट आठवतं. सातवी-आठवीत नळ आणि हौदाची गणितं असत. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळ? मला ते एक छेद चार अधिक एक छेद सहा डोळ्यांसमोर येईना. म्हणून मी ठरवलं की हौद बारा घागरींचा आहे. मग पहिला नळ तासाला तीन घागरी ओततो, दुसरा दोन, मिळून पाच. बारा घागरींना दोन तास चोवीस मिनिटं. आमच्या अंगणात खरोखरच हौद होता आणि घागरींनी भरावा लागत असे, त्यामुळे हे मला दिसत होतं, पाण्याच्या आवाजासकट. उत्तर बरोबर आलं. वहीवर लाल शाईत शून्य आलं आणि शेजारी शेरा : ‘हौद १२ घागरींचा आहे असे कोठे दिले आहे?’ वर्गात तो शेरा मोठ्याने वाचला गेला. मुली हसल्या. पुढे आठ-दहा दिवस मला ‘घागर’ म्हणून हाक पडायची. हौद कितीही घागरींचा धरला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून बारा धरले, हे मला तेव्हा कळत होतं, सांगता येत नव्हतं. सांगायला लागले असते तर ऐकून घेणारं कुणी नव्हतं. त्यानंतर मी पुस्तकातली रीत तंतोतंत लिहू लागले आणि मला पैकीच्या पैकी मार्क पडू लागले. सगळे म्हणत, गणितात हुशार आहे.

बँकेतल्या मैत्रिणींबरोबर एकदा पाटणादेवीला गेले होते. चाळीसगावहून वीसेक किलोमीटर, गौताळ्याचं जंगल, पावसाळ्यातली ओली वाट, देवळामागे कडे आणि त्यांवरून उतरणारं पाणी. सगळ्या देवीच्या ओटीच्या गडबडीत होत्या आणि मी भास्कराचार्यांच्या. त्यांचा गणिताचा ग्रंथ ‘लीलावती’ ११५० सालचा. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने इथे, पाटण गावात, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८ चा, भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मोठा भाग संस्कृत आहे. पण मठाचा खर्च कसा चालणार हे सांगायची वेळ आली तेव्हा लेख मराठीत उतरतो. या पाटणात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा जायचा तो मठाला दिला. तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल. थोरवी संस्कृतात आणि वसुली मराठीत, हे वाचून मला हसू आलं होतं. पण घाण्याचं तेल मनातून जाईना. त्या तेलावर मठात दिवे जळले असतील आणि दिव्यांखाली कुणीतरी ‘लीलावती’तला तो मोर-सापाचा प्रश्न सोडवला असेल : नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय, दोघांचा वेग सारखा, तर मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठेल? बारा. मी तिथल्या पायरीवर बसून बॉलपेनने तळहातावर काढलं होतं. तेल घालणाऱ्या तेल्याच्या पोराला त्या दिव्याखाली बसायला मिळालं नसणार, हे कुठे कोरून ठेवावं लागत नाही.

आणि भास्कराचार्यांच्या लेकीची, लीलावतीची ती गोष्ट. लग्नमुहूर्ताची वेळ मोजायला तळाशी छिद्र असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडलं होतं, ती वाकून बघायला गेली, अंगावरचा मोती त्यात पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला, लग्न कायमचं राहिलं. मग बापाने तिच्या नावाचा ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ग्रंथाचा फार्सी अनुवाद केला त्यात येते, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. खरी असेल-नसेल. मला ती लहानपणी फार आवडायची. नंतर राग यायला लागला. मुलीच्या वाट्याला गणित यायचं तर आधी तिचं लग्न मोडायला हवं, बदलीची वस्तू म्हणून! पण ग्रंथ उघडला की राग टिकत नाही, कारण आत भास्कराचार्य ‘बाले’ म्हणून हाक मारतात आणि पुढे विचारतात, सांग. ‘ऐक’ म्हणून थांबत नाहीत. सांग म्हणतात.

मावशींच्या नातीला मी विचारलं नव्हतं. ती आपणहून सांगत होती.

असंच आणखी एकदा झालं होतं, २०१९ च्या जूनमध्ये. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पूर आला. त्यातले तीन-चार मीही पुढे ढकलले होते. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली, औटकीची चाल कानात असलेल्या मला तर खरंच काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटत होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विश्लेषणात्मक संख्या सिद्धांतातल्या संशोधक, आणि मुलांना गणित शिकवण्यासाठी शेवटपर्यंत धडपडलेल्या. त्या शांतपणे सांगत राहिल्या की जुनं वाचन काढलेलं नाही, हा जादा पर्याय आहे. लिहिताना आपण दोन आधी आणि पाच नंतर लिहितो, बोलताना पंचवीस म्हणजे पाच आधी म्हणतो. कानडीत, तमिळमध्ये, तेलुगूत दशक आधी बोलतात. वर आपली जोडाक्षरं. सहा-सात वर्षांच्या मुलाची यात तारांबळ उडते. मला तेव्हा ते पटलं नाही, कारण मला त्रेसष्ट म्हणायला कधी अडचण आली नव्हती. माझ्या घरात परवचा होता. मावशींच्या घरात नव्हता. त्यांची नात पहिल्यांदा आमच्याकडे येऊ लागली तेव्हा दुसरीतच होती, आणि ‘पस्तीस’ सांगितलं की ५३ लिहायची. मी म्हणायचे, लक्ष नाही तुझं. आता आठवलं की वाटतं, तिचं लक्ष होतं म्हणूनच ती ५३ लिहीत होती. आधी ऐकलं ते आधी लिहिलं. मंगलाताई २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या. त्यांना दोन ओळी लिहाव्यात असं मनात येऊन गेलं होतं त्यापूर्वी. राहिलं. तरी एकोणऐंशी आणि नव्याण्णव हे शब्द मला टाकवणार नाहीत. ऐंशीत एक कमी म्हणून एकोणऐंशी, मग शंभराला जाताना एकोणशंभर का नाही? कुणाला तरी तिथे लहर आली असणार. ही लहर मला हवी आहे. आणि ती पोर तिथे अडखळू नये हेही हवं आहे. दोन्ही कसं जमवायचं ते मला ठाऊक नाही.

तर, त्या ठोक्यांच्या प्रकारानंतर मी तिची माफी मागितली. तिला ते अवघड गेलं. मोठ्या माणसाने माफी मागितली की मुलांना कुठे बघावं कळत नाही. ती ‘हं’ म्हणाली आणि वहीत तोंड घातलं. पण १० खोडून पुन्हा ११ करताना तिने रबर वापरलं नाही. १० वर पेनाने काट मारली आणि शेजारी ११ लिहिलं, जरा मोठंच.

मग मीच तिला एक खेळ दिला. नाशिकरोडला माझं बालपण गेलं, देवळाली तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तरी शाळेत मला कुणी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं नाव सांगितलं नव्हतं. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर असलेला माणूस, मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. १९४९ मध्ये त्यांना जे सापडलं त्याला लागते एक पेन्सिल आणि वजाबाकी. जगाला त्यांची ओळख झाली ती बरीच नंतर, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. मी तिला म्हटलं, चार आकडी संख्या घे. आकडे उतरत्या क्रमाने लिही, खाली चढत्या क्रमाने लिही, वजा कर. जे येईल त्याचं पुन्हा तेच. तिने लबाडीने ११११ घेतली. शून्य आलं. ‘संपलं,’ ती म्हणाली. मी म्हटलं, सगळे आकडे सारखे नकोत. ‘मग आधी सांगायचं ना!’ तिचं बरोबर होतं. अट आधी सांगायची असते.

मग तिने आपलं जन्मवर्ष घेतलं, २०१४. ४२१० उणे ०१२४, ४०८६. ८६४० उणे ०४६८, ८१७२. ८७२१ उणे १२७८, ७४४३. कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू भरत चालली. हातचे घेताना तिची जीभ ओठांच्या कडेला येते. ३९९६. ६२६४. ४१७६. आणि सातव्यांदा ६१७४. ‘आता पुढे कर,’ मी म्हटलं. ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग माझ्याकडे संशयाने पाहिलं, जणू मी टेबलाखालून काही सरकवलंय. मी सांगितलं की कुठलीही संख्या घे, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येते. तिने मान हलवली नाही. मावशींचा मोबाइल नंबर घेतला, शेवटचे चार आकडे तोडले आणि नव्याने सुरुवात केली. मग आमच्या गाडीचा नंबर. मग पिनकोडाचे चार आकडे. मावशी पोळ्या आटोपून चपला घालून दारात उभ्या होत्या. ‘ताई सांगतात ना, मग येतंच असंल,’ त्या म्हणाल्या. ‘थांब गं आजी,’ ती वर न बघता म्हणाली. ‘करून बघते.’

जाताना तिने विचारलं, ‘पण ६१७४ च का?’ मला सांगता आलं नाही. तसंच म्हटलं. ती खुशीत गेली.

आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ आमच्या हॉलमध्ये वीसेक वर्षं शोभेला आहे, चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं. दुकान विकलं तेव्हा वाटणीत मी ते मागून घेतलं. वही कुणाकडे गेली ते कुणालाच आठवत नाही. डिसेंबरात ते रविवार कारंजाजवळच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, स्प्रिंग बरी आहे, तेलपाणी केलं की बोलेल. नऊशे रुपये घेतले. घड्याळ बोलू लागलं. पहिल्या रात्री मी दर तासाला दचकून उठले.

ती संध्याकाळी आली तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. ठोके देणारं घड्याळ तिने कधी पाहिलं नव्हतं. ठोक्यांची गणितं मात्र दहा-बारा सोडवली होती. माझा मोबाइल घेऊन तिने स्टॉपवॉच लावलं. सहा ठोके पडले. शेवटच्याचा नाद विरेपर्यंत ती हलली नाही. ‘आठ सेकंद,’ ती म्हणाली, जराशी नाराज. पुस्तकातल्यासारखे पाच नाहीत. मग वही ओढली. आठ भागिले पाच, एक पूर्णांक सहा. गुणिले अकरा. ‘बाराला सतरा पूर्णांक सहा लागतील.’ बारा वाजता तिची शाळा असते, म्हणून रविवारपर्यंत थांबायचं ठरलं.

रविवारी ती एकटीच आली, आंघोळ करून, वेणी घालून. या वेळी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि स्वतः घड्याळाखाली खुर्चीवर उभी राहिली, कान वर करून. खर्रर्र झालं आणि पहिला ठोका पडला. बाराव्याला मी बटण दाबलं. सतरा पूर्णांक चार.

‘तुम्ही सुरुवातीला उशिरा दाबलं,’ ती खुर्चीवरूनच म्हणाली.